दिलेलं पत्र परत घ्यायचं नाही

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकीट उघडलंस म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. वर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते तसंच खणात टाकलं असतंस, म्हणून पत्ता ऑफिसात टाइप करून घेतला. अकरा वर्षांतली माझी ही पहिलीच लबाडी, असं लिहिणार होते. पण ते राहू दे.

कामाचं आधी सांगते. कॉलेजला सरकारचं पत्र आलंय. मान्यता देऊ म्हणतात, अनुदान देऊ म्हणतात, शिक्षकांचे पगार आमच्याकडे लागले, मागची गळकी शेड पाडून इमारत बांधून देऊ. त्या बदल्यात अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, तपासनीस त्यांचा. आणि पत्रं बंद. हे पत्रांचं वाक्य पार शेवटच्या पानावर होतं, मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा सापडलं.

परवाच्या बैठकीत दोन नवे सभासद होते. त्यांना आपली पत्रं म्हणजे काय ते समजावताना माझी दमछाक झाली. म्हटलं, इथे गुण देत नाहीत. मोजणी आणि नकाशे शिकून पोरगा बाहेर पडला की त्याच्या हातात एक पत्र देतात. त्याला काय येतं ते आधी आणि काय येत नाही ते नंतर. खाली शिकवणाऱ्याची सही. त्यातला एक जण म्हणाला, ‘‘काय येत नाही हेसुद्धा लिहिता? मग नोकरी कोण देतो?’’ मी म्हटलं, म्हणूनच देतात. सदतीस वर्षं बांधकामवाले आपल्या पत्रावर डोळे मिटून माणसं घेत आलेत, कारण त्यात खोटं नसतं. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला समुद्रात घर विकायला काढलंय.

मंडळाचा अध्यक्ष आता कोण आहे ठाऊक आहे का? तिरका. तुझ्या तिसऱ्या तुकडीतला, ज्याची एक रेघ कधी सरळ आली नाही. पंचवीस इमारती बांधल्यात त्याने, सगळ्या उभ्या आहेत. ‘रेघा तिरक्या येतात, माणूस सरळ आहे’ असं मी त्याच्या पत्रात लिहिलं होतं, ते त्याने चौकटीत घालून ऑफिसात लावलंय. तर हा तिरका बैठकीत म्हणाला, ‘‘बाई, कलमाप्रमाणे तुमची सही नसेल तर अनुदान घेता येत नाही. पण मला तसं अडवून जिंकायचं नाही आणि हरायचंही नाही. एकच सांगा. इतक्या वर्षांत आपल्या पत्रामुळे एका तरी पोराचं नाहक नुकसान झालं का? झालं असेल तर त्याला दाद मागायला कोणीतरी हवं होतं. नसेल झालं, तर सरकार कशाला? मीच नकाराचा ठराव मांडतो.’’

मी उत्तर दिलं आणि विषय मार्गी लागला. मार्चअखेर नकार कळवायचं ठरलंय.

आता तुझ्याकडे काम हे. ते कलम तूच घातलं होतंस, संस्थापक जो कोणी कॉलेजात असेल त्याच्या सहीशिवाय सरकारचा पैसा घ्यायचा नाही म्हणून. आपण पाच जण होतो. दोघं देवाघरी गेले आणि एक सरकारी कॉलेजात गेला. नकाराच्या कागदावर माझ्या एकटीचं नाव फार केविलवाणं दिसेल. तुझंही असावं, असं मला वाटतं. दोन ओळी लिहून पाठव, एवढंच.

तुझी तब्येत कशी आहे हे विचारलं तर आगाऊपणा होईल. तरी विचारते.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी एक ओळ: ‘तिरक्याच्या प्रश्नाला तू काय उत्तर दिलंस?’ खाली सही नाही, वर मायना नाही. सरकारी नोटिशीतसुद्धा याहून जास्त जिव्हाळा असतो.

सांगते. पण आधी मला जरा बोलू दे. इथे आता माझ्याशी त्या दिवसांबद्दल बोलणारं कोणी राहिलेलं नाही. शिपाईमामा आहेत, पण त्यांना आता सगळ्याच तुकड्या एकसारख्या वाटतात.

परवा जुन्या गोदामावरून गेले. तिथे आता फरशीचं दुकान झालंय. आत जाऊन उगाच भाव विचारले आणि बघत राहिले. जिथे आपण फळ्याला पैसे नाहीत म्हणून दरवाजाच काढून काळा रंगवला होता ना, तिथे आता नमुन्याच्या फरश्या टेकवून ठेवल्यात. त्या दरवाजाची कडी राहिली होती, आठवतं? तू पुसता पुसता रोज बोटं सोलून घ्यायचास आणि रोज नव्याने त्या कडीला शिव्या घालायचास. नंतर खरा फळा आला, तर तुला त्यावर लिहिताच येईना. म्हणालास, याला धरायला काही नाही.

आणि ते पहिले सरकारी साहेब. भले गृहस्थ होते बिचारे. कधीतरी मान्यता द्यायची म्हणून फॉर्म घेऊन आले होते. गोदामात खुर्ची एकच, ती त्यांना दिली आणि आपण पाचही जण शाळेच्या पोरांसारखे समोर उभे. त्यांनी विचारलं, मोजणी हा विषय किती तास शिकवता? तू म्हणालास, ‘‘येईपर्यंत.’’ त्यांना वाटलं, आपण थट्टा करतोय. त्यांनी पुन्हा विचारलं, तू पुन्हा तेच सांगितलंस, अगदी शांतपणे. ते म्हणाले, ‘‘अहो, या रकान्यात आकडा लागतो.’’ तू म्हणालास, मग तो रकाना आमचा नाही. चहा पिऊन ते निघाले तेव्हा दारात थांबून मला हळूच म्हणाले की माझ्या मुलाला असं कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. तो फॉर्म आपण कित्येक वर्षं जपून ठेवला होता. रात्रंदिवस राबून अंग मोडलं की कोणीतरी म्हणायचं, किती वेळ काम करायचं? आणि उरलेले सगळे एका सुरात, येईपर्यंत!

मी किती सुखी होते रे तेव्हा. अंगावर दोन धड कपडे नव्हते आणि डोक्यात गर्व मावत नव्हता. आपल्याला कोणी विचारणारं नाही, कोणी तपासणारं नाही, ही काय चैन होती! सकाळी मोजणीची दुर्बीण खांद्यावर टाकून पोरांना घेऊन रस्त्यावर निघायचं, सगळी गल्ली मोजून काढायची, कोणाच्या पायरीची उंची किती आणि कोणाचं गटार उलटं वाहतं ते घरमालकाला तोंडावर सांगायचं. लोक वैतागायचे. मग पुढच्या वर्षी तेच लोक आपली पोरं आणून सोडायचे.

फाटकाजवळचा खुणेचा दगडही परवा बघून आले. सगळ्या उंच्या त्याच्यावरून धरायच्या, म्हणून पहिल्या दिवशी पहिलं काम काय, तर नव्या तुकडीने त्या दगडाची उंची स्वतः मोजायची आणि रजिस्टरातल्या आकड्याशी ताडून बघायची. रजिस्टरवर विश्वास ठेवायचा नाही, शिक्षकावर तर नाहीच. शिक्षकाची चूक सापडली तर भर वर्गात उभं राहून सांगायची. ही पद्धत तुझी. चूक सांगणाऱ्याला तू तुझ्या खुर्चीत बसवायचास आणि तो तास त्याने घ्यायचा. तुझी खार सहा वर्षांची असताना एकदा वर्गात येऊन बसली होती आणि तुझी बेरीज चुकली म्हणून तिने हात वर केला होता. तुझ्या खुर्चीत बसली तर तिचं डोकं टेबलाच्या वर येईना. तुझ्या लेकीला खार हे नाव मीच दिलं, कुंपणावरून पळायची म्हणून. अजून तिला तुम्ही त्याच नावाने हाक मारता की नाही, कोण जाणे.

शिपाईमामा टपाल घेऊन निघालेत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, माझ्या लक्षात आहे.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

मी ‘नाही’ म्हणाले. एकाही पोराचं नुकसान झालं नाही, असं म्हणाले. टेबलाशी सात माणसं होती आणि माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

ताई


४ मार्च

धाकट्या,

तू काही लिहिलं नाहीस. बरोबर आहे. माझ्या दोन ओळींवर काय लिहिणार?

खारीचं आता काय चाललंय ते मला कोणी सांगितलेलं नाही असं समजू नकोस. पडद्यांच्या दुकानात आहे ना? लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजते. आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे ती पडदे लावायला गेली होती. त्याने मला सांगितलं की बाई, इतकं अचूक माप मी आजवर पाहिलं नाही, जाळीसुद्धा जागेवर बसली. मी म्हटलं, हो का, आणि घरी येऊन जेवले नाही.

तू त्या दिवशी माझ्या खोलीत आलास तो मला जसाच्या तसा आठवतो. तू प्राचार्य, पण दारातच उभा राहिलास. तीन ठिकाणी तिला नकार मिळाला होता. तिच्या पत्रात मी लिहिलं होतं: ‘मोजणी उत्तम येते. चूक दिसली तर सांगत नाही, जवळ ठेवते.’ आपल्या धंद्यात अशा माणसाला कोण उभं करणार? सरकारी परीक्षा असती तर निदान गुण दाखवता आले असते. तिच्याकडे तर हा एकच कागद. तू म्हणालास, ‘‘ताई, दुसरं वाक्य तेवढं काढ.’’ आणि मी काय म्हणाले ते तू विसरला नसशील. ‘दिलेलं पत्र परत घ्यायचं नाही, कोणासाठीही नाही, आपल्या माणसासाठी तर नाहीच.’ तुझेच शब्द होते. एका मोठ्या कंत्राटदाराने पोरासाठी पत्र बदलून मागितलं, तेव्हा तू हा नियम केला होतास आणि मी तुझ्या अभिमानाने फुलून गेले होते. तेच शब्द मी तुझ्या तोंडावर मारले. तू त्याच आठवड्यात राजीनामा दिलास.

मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी बरोबर आहे. हे मात्र खोटं नाही. नव्या कार्यशाळेची जमीन किती उंचीवर घ्यायची ते खारीनेच काढून दिलं होतं. काँक्रीट ओतलं, आणि पहिल्याच धुण्याला पाणी गटाराकडे जायच्या ऐवजी आत आलं. जमीन नऊ सेंटिमीटर खाली बसली होती. मी सगळ्या तुकडीसमोर तिला विचारलं, तुला हे आधी कळलं होतं का? ती म्हणाली, ‘‘हो. काँक्रीट ओतायच्या दोन दिवस आधी.’’ मग सांगितलं का नाहीस? यावर ती गप्प. मान खाली सुद्धा घातली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला तो उर्मटपणा वाटला. प्राचार्याची मुलगी म्हणून मी आणखीच कडक झाले. उद्या कोणी म्हणायला नको, आत्याने पाठीशी घातलं.

आता जे लिहायचं ते सहा वर्षं लिहायचं राहिलंय.

सहा वर्षांपूर्वी शेडचं छप्पर बदलताना आम्ही कपाटं रिकामी केली. विद्यार्थ्यांच्या मोजणीच्या वह्यांचा ढीग निघाला. रद्दीत द्यायच्या आधी मी सवयीने चाळत बसले. त्यात खारीची वही होती. तिच्या त्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात शेवटच्या कामाचे आकडे होते. आणि त्याच्या पुढच्या पानावर तिने पुन्हा मोजणी केली होती, खुणेच्या दगडावरून नाही तर जुन्या इमारतीच्या पायरीवरून. खाली लिहिलं होतं: ‘दगड ९ सें.मी. खाली आहे. रजिस्टरात चूक. अक्षर आत्याचं.’ त्याखाली, ‘उद्या वर्गात सांगते’ असं लिहून खोडलेलं. आणि त्याखाली, ‘नको. आधी आत्याला एकटीला गाठते.’

मी उठले आणि रजिस्टर काढलं. फाटक रुंद केलं तेव्हा दगड हलवला होता, तुला आठवत असेल. नवी उंची मीच मोजली, मीच लिहिली. पंचेचाळीसच्या जागी चोपन्न लिहून ठेवले होते. त्या वर्षी कामाच्या घाईत नव्या तुकडीकडून दगड मोजून घ्यायची सकाळ मी गाळली होती, आणि तू गेल्यावर तर ती पद्धतच बंद पडली. सगळं आयुष्य पोरांना सांगितलं की रजिस्टरवर विश्वास ठेवू नका, आणि ज्या वर्षी चूक माझी होती त्याच वर्षी तपासायचं राहिलं. त्या दोन दिवसांत मी कुठे होते माहीत आहे? सिमेंटच्या गाड्यांमागे धावत होते. ती दोनदा माझ्या खोलीशी येऊन गेली, शिपाईमामांनी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, नंतर ये म्हणावं.

तिने चूक जवळ ठेवली ती माझी. सगळ्यांसमोर मी विचारलं तेव्हाही तिने ती माझ्या अंगावर टाकली नाही. आणि मी तिला त्याबद्दल पत्र दिलं.

मग मी काय केलं, ते सांगायला हवं. रजिस्टरातला आकडा दुरुस्त केला, दुरुस्तीखाली सही केली आणि वही माझ्या घरी आणली. कोणाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मग वाटलं, आता फार उशीर झाला. मग वाटलं, एका पत्रासाठी सगळ्या पत्रांवरचा विश्वास जाईल, इतक्या पोरांच्या हातातले कागद एका दिवसात कोरे होतील. ही कारणं मला पटायची. सकाळी जास्त पटायची, संध्याकाळी कमी.

आपण म्हणायचो, आपल्याला कोणी तपासणारं नाही. त्या चैनीची किंमत खारीने भरली. तिने कुठे जायचं होतं? वडील प्राचार्य, त्यांनी नियम केलेला. आत्या शिक्षक, तिने सही केलेली. त्यापलीकडे तिला दारच नव्हतं.

तिने तुला हे कधी सांगितलं होतं का? मला वाटतं, नाही. सांगितलं असतं तर तू माझं तोंड पाहिलं नसतंस हे खरं, पण निदान एकदा येऊन भांडला असतास.

माझ्या नकाराच्या कागदावर तुझं नाव नको. मी ते मागायला नको होतं.

ताई


२९ मार्च

धाकट्या,

काल बैठक झाली. तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लगेच लिहायला बसले.

तिरक्याने नकाराचा मसुदा वाचून दाखवला. छान लिहिला होता, तुझं ‘येईपर्यंत’ सुद्धा त्यात होतं. दोन नव्या सभासदांनाही आता ते आवडायला लागलंय. शेवटी त्याने म्हटलं, बाईंनी सांगितल्याप्रमाणे सदतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यावर अन्याय झालेला नाही. आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, ‘‘एक झालाय.’’

मग वही काढली आणि सगळं सांगितलं. नाव सांगितलं, साल सांगितलं, आकडे सांगितले. मागच्या बैठकीत मी खोटं बोलले तेही सांगितलं. मध्ये तीनदा पाणी प्यायले. तिरक्याने वही घेतली आणि ते पान बराच वेळ वाचलं. त्याच्या ऑफिसातल्या चौकटीचा मला विचार आला. त्याला आता ती भिंतीवरून काढावीशी वाटेल का, असं वाटून गेलं.

शेवटी त्याने विचारलं, ‘‘बाई, तिला दाद मागायची असती तर कोणाकडे मागता आली असती?’’

‘‘माझ्याकडे.’’

‘‘म्हणजे कोणाकडेच नाही.’’

रागावून नाही म्हणाला तो. त्याचे डोळे भरले होते.

एका सभासदाने म्हटलं की आपणच चौकशीसाठी एखादी समिती नेमू, सरकार कशाला? मीही मनात तेच धरून बसले होते. पण समितीत कोण असणार? मी, तिरका, तिरक्याने निवडलेले दोघं. सगळी आपलीच माणसं. सरकारचा तपासनीस मूर्ख निघेल, मला खात्री आहे. तो आठवड्याचे तास मोजेल, पोरांची दुर्बीण उलटी धरेल आणि रकान्यात आकडा मागेल. आपण जसं शिकवलं तसं या जागेत पुन्हा कोणी शिकवणार नाही, हेही मला कळतं. पण तो कोणाची आत्या नसेल. एखाद्या पोराला त्याच्याकडे जाऊन सांगता येईल की या बाईंचं चुकलंय.

मी नकाराच्या कागदावर सही केली नाही. दुसऱ्यावर केली, अनुदान घेण्याच्या. तुझ्या कलमाचा उपयोग अखेर असा झाला. सही करताना मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. सदतीस वर्षं लागली होती रे ते उभं करायला. दरवाजाला काळा रंग लावताना तू गुणगुणत होतास तेसुद्धा मला ऐकू येत होतं.

जूनपासून पत्रं बंद. त्याआधी मी एक लिहिलंय, ते सोबत आहे. नियम मोडलाय, तेव्हा तुला रागवायचा पूर्ण हक्क आहे. ‘मोजणी उत्तम येते. दिलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता स्वतः ताडून बघते. मोठ्या माणसाची चूक सापडली तर त्याला आधी एकांतात सांगायला बघते. ही सवय सोडायला हवी.’ काय येत नाही ते लिहिल्याशिवाय पत्र पुरं होत नाही, म्हणून ते शेवटचं. तारीख आजचीच घातलीय. मागची घातली असती तर ती आणखी एक लबाडी झाली असती. या कागदाने तिला आता कुठे नोकरी मिळेल असं नाही, बाहेर सगळीकडे शिक्क्याचे कागद मागतात. तरी तो तिच्या हातात दे.

तुला उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस, मला वाईट वाटेल पण मी समजून घेईन. खारीला मात्र एवढं सांग. तिने वाचवलं होतं आत्याला. ते आत्याला कळायला पाच वर्षं लागली आणि बोलायला आणखी सहा.

ताई